ध्वनिमुद्रित व्याख्यान आणि व्याख्याता

व्याख्यानास उभे राहण्यापूर्वी ह्या मालेच्या चिटणीसांनी आम्हांस एक प्रश्न विचारला. आमच्या भाषणाचे चित्रीकरण करून ते यूट्यूबवर ठेवले तर चालेल काय, असा तो प्रश्न होता. आम्ही होकार दिला. परंतु होकार देताना मनात आले की, हाच साधा प्रश्न गेल्या काही वर्षांत आपल्याकडील कितीतरी तरुण अध्यापकांना कोणी विचारलाच नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आम्ही विद्वान नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. दहावीनंतर आम्ही कारखान्यात शिरलो आणि पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो. जे काही वाचले ते गेटसभा आटोपल्यावर, युनियनच्या कचेरीतील बाकावर बसून वाचले. जे काही ऐकले ते अशाच व्याख्यानमालांतून, मागच्या रांगेत बसून ऐकले. तेव्हा व्याख्यान ही वस्तू आमच्या दृष्टीने शोभेची नव्हे. आमचे कॉलेज म्हणा, विद्यापीठ म्हणा, ते हेच. म्हणूनच व्याख्यान यंत्रात भरले गेले म्हणजे त्याचे काय होते आणि व्याख्यात्याचे काय होते, हे दोन्ही प्रश्न आम्हांस जिव्हाळ्याचे वाटतात.

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया १८७५ साली घातला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७३ मध्ये, केंब्रिज विद्यापीठाने आपले अध्यापक गावोगाव पाठविण्यास प्रारंभ केला होता. ह्या चळवळीचा प्रवर्तक जेम्स स्टुअर्ट नावाचा तरुण अध्यापक होता. १८६७ साली तो उत्तर इंग्लंडातील शहरांत स्त्रियांपुढे व्याख्याने देऊ लागला. स्त्रियांनी एका तरुण पुरुषाला भर सभेत प्रश्न विचारावे हे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. म्हणून स्टुअर्टने प्रश्न लिहून दिले व उत्तरेही लेखी मागविली. पुढे रॉचडेल येथील सहकारी मंडळीच्या दिवाणखान्यात तो बोलू लागला, तेव्हा भिंतीवर टांगलेल्या आकृत्या तशाच राहू द्या, आम्हांला त्यांवर आपसात बोलावयाचे आहे, अशी मागणी झाली. त्यातून व्याख्यानाच्या जोडीला चर्चेचा वर्ग आला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विद्यापीठाच्या भिंतीबाहेर गेलेल्या ह्या पहिल्या शिक्षणाची तीन अंगे होती : व्याख्यान, लेखी काम आणि चर्चा. पुढे १९०३ साली अल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी कामगार शिक्षण संघटना स्थापन केली, आणि १९०८ मध्ये आर. एच. टॉनी हे अर्थशास्त्राचे अध्यापक लाँगटन व रॉचडेल येथील कामगारांचे वर्ग घेऊ लागले. एका वर्गात सुमारे तीस माणसे, मुदत तीन वर्षांची. पहिला तास अध्यापकाने बोलावयाचे, दुसरा तास विद्यार्थ्यांनी त्याला धारेवर धरावयाचे, आणि दर पंधरवड्यास प्रत्येकाने निबंध लिहावयाचा. म्हणजे वेळेचा हिशेब केला तर व्याख्यान हे शिक्षणाचे निम्म्याहूनही कमी अंग होते. पुढच्या काळात यंत्राने जे पकडले ते एवढेच अंग पकडले. बाकीची दोन अंगे यंत्राच्या हाती कधी लागली नाहीत, आणि साऱ्या भांडणाचे मूळ येथे आहे.

आता आपण समुद्र ओलांडून क्यूबा देशात जाऊ. हवाना शहरात सिगार वळणारे कामगार दिवसभर एका जागी बसून, हातांनी काम करीत. हात गुंतलेले, पण कान मोकळे. १८६५ साली तेथील एका कारखान्यात कामगारांनी अशी प्रथा सुरू केली की, एका माणसाने उंच आसनावर बसून सर्वांस मोठ्याने वाचून दाखवावे. सकाळी वर्तमानपत्रे, दुपारी कादंबऱ्या व इतिहास. ह्या वाचकाचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून तो देत, आणि कोणते पुस्तक वाचावे हे मतदानाने ठरवीत. आपल्याकडील विडी कामगारांचे जीवन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणावयास वेळ लागणार नाही. क्यूबातून ही प्रथा अमेरिकेतील टँपा शहरी गेली. तेथे कारखानदारांच्या डोळ्यांत हा वाचक सलू लागला. कारण त्याच्या वाचनात समाजवादी पत्रेही असत. १९३१ साली मालकांनी वाचकाचे आसन काढून टाकले. कामगारांनी संप केला, तो मोडला. आणि वाचकाच्या जागी काय आले? रेडिओ आला.

रेडिओ वाईट होता काय? मुळीच नाही. त्यात गाणे होते, बातम्या होत्या. पण वाचकाला कामगार नेमीत होते आणि रेडिओची कळ दुसऱ्याच्या हाती होती. वाचकाला थांबवून अर्थ विचारता येत होता, रेडिओला विचारता येत नव्हता. आणि तो वाचक स्वतः बेकार झाला. ह्या तीन गोष्टी आपण गाठीशी बांधून पुढे जाऊ.

अमेरिकेतच वादकांच्या संघटनेने ह्या प्रश्नाला वेगळ्या रीतीने हात घातला. बोलपट आल्यावर चित्रपटगृहांतील वाद्यवृंद बंद पडले. पुढे ध्वनिमुद्रिका व रेडिओ यांमुळे वादकांची उरलीसुरली कामेही जाऊ लागली. वादक आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध संप फोडणारा तयार करीत होता. एकदा वाजवावयाचे आणि ती तबकडी त्याच्या जागी शंभर ठिकाणी वाजावयाची. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. युद्धाचा काळ, लोकमत विरुद्ध, सरकार विरुद्ध. तरीही तो बहिष्कार १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत टिकला. अखेरीस कंपन्यांनी मान्य केले की, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम एका निधीत जमा होईल, आणि त्या निधीतून बेकार वादकांना जनतेपुढे विनामूल्य कार्यक्रम करण्याचे काम मिळेल. पेट्रिलो यांच्या स्वभावाविषयी पुष्कळ बरेवाईट लिहिले गेले आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण त्यांनी तबकडी फोडा असे म्हटले नाही. तबकडीच्या मिळकतीतून जिवंत वाद्याला भाकरी द्या असे म्हटले. ह्या तडजोडीत आम्हांस फार मोठे शहाणपण दिसते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे १५० खेड्यांतून शेतकरी श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळाचे वीसेक सभासद एकत्र बसून ऐकत, ऐकून झाल्यावर चर्चा करीत, आणि चर्चेतून निघालेले प्रश्न केंद्राकडे धाडीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमात मिळत. ह्या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होती व ती पॉल न्यूराथ यांनी केली. त्यांनी तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची खेडी निवडली होती : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. निष्कर्ष असा निघाला की, मंडळे असलेल्या खेड्यांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या खेड्यांत मात्र त्या मानाने फारच थोडा फरक पडला. आवाज तोच, कार्यक्रम तोच. फरक पाडला तो ऐकल्यानंतरच्या बैठकीने. स्टुअर्टच्या रॉचडेलमध्ये जे घडले तेच नव्वद वर्षांनी आपल्या खेड्यांत घडले.

विद्यापीठाने मात्र आकाशमार्गे जाण्याचे धाडस प्रथम मोठ्या प्रमाणावर केले ते इंग्लंडात. ८ सप्टेंबर १९६३ रोजी ग्लासगो येथील भाषणात हॅरॉल्ड विल्सन यांनी आकाशवाणीवरील विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढे ते पंतप्रधान झाले व हे काम त्यांनी जेनी ली ह्या मंत्रिणीवर सोपविले. जेनी ली ह्या स्कॉटलंडमधील एका खाणकामगाराच्या कन्या. विरोधकांनी आणि काही विद्वानांनीही ह्या कल्पनेची यथेच्छ टिंगल केली. जेनी ली बधल्या नाहीत, आणि त्यांनी एका बाबतीत तडजोड केली नाही. प्रवेशाला पूर्वीच्या परीक्षेची अट नको. पण पदवी मात्र इतर कोणत्याही विद्यापीठाच्या तोडीची हवी. गरिबांसाठी म्हणून हलक्या प्रतीचे विद्यापीठ त्यांना नको होते. १९६९ साली मुक्त विद्यापीठास सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांनी अभ्यासास आरंभ केला.

बीबीसीवरून रात्री उशिरा व पहाटे दिसणारी त्या विद्यापीठाची व्याख्याने पुढे प्रसिद्धीस आली, त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत झाली की ते विद्यापीठ म्हणजे दूरचित्रवाणीचा पडदा. वस्तुस्थिती निराळी होती. अभ्यासाचा मुख्य भार टपालाने येणाऱ्या छापील पाठांवर होता. प्रत्येक विद्यार्थ्याला एक शिक्षक नेमून दिलेला असे. तो निबंध तपासून, शेरे लिहून परत पाठवी. उन्हाळ्यात आठवडाभर एकत्र राहून शिकण्याचे वर्ग भरत. म्हणजे वाणी, लेखन व चर्चा ही तीनही अंगे शाबूत ठेवून मगच त्यांनी यंत्राचा उपयोग केला. म्हणून २००६ च्या डिसेंबरात बीबीसीवरील अभ्यासक्रमांचे प्रक्षेपण कायमचे थांबले, तरी विद्यापीठ थांबले नाही.

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान मंडळाचा शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून सुरू झाला. त्याचे भाग तयार करणाऱ्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होते. आम्ही त्या वेळी पोरसवदा होतो. पुढे कारखान्यात लागल्यावर पहिली पाळी नसेल त्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरच्या हॉटेलात तो कार्यक्रम पाहावयास मिळे. हॉटेलवाल्यास विद्येची गोडी होती असे नव्हे. त्या काळी लावावयास दुसरी वाहिनीच नव्हती. पडद्यावर ग्रह फिरत, यंत्रे उलगडून दाखविली जात. चित्र कळे, पण भाषा इंग्रजी, त्यामुळे वाक्य डोक्यावरून जाई. शेजारी बसलेला एखादा म्हणे, "काय सांगतोय रे तो?" आणि आम्ही ठोकून काहीतरी सांगत असू. त्या दिवसांत प्रथम मनावर ठसले की, ज्ञान आकाशातून उतरले म्हणजे ते आपल्या दारी पोहोचलेच असे नाही.

ते दारी आले १९८९ साली. त्या वर्षी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे होते. पाठ्यपुस्तके मराठीतून आली, आणि गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली. आमच्या खात्यातील एका फिटरने तेथे नाव घातले. बारावी झालेली नव्हती. पूर्वतयारीच्या परीक्षेतून तो पदवीपर्यंत गेला. आम्ही त्याला एकदा विचारले, "पुस्तके तर घरी येतात, मग दर रविवारी केंद्रावर कशाला जातोस?" तो म्हणाला, "पुस्तक मला कधी मूर्ख म्हणत नाही, भाऊ. संमंत्रक म्हणतात. म्हणून जातो." त्या वेळी आम्ही हसलो. पण मागाहून विचार करता वाटले की, १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना मिळवून दिलेल्या रविवारच्या सुट्टीचा याहून चांगला उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

यानंतर वीस वर्षांत जग झपाट्याने पालटले. २००१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेने आपली पाठसामग्री इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुली करण्याचे जाहीर केले. २००३ पासून आपल्या आयआयटी व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनी एनपीटीईएल ह्या योजनेखाली अभियांत्रिकीची व्याख्याने चित्रित करण्यास आरंभ केला. २००४ साली पॉडकास्ट हा शब्द रूढ होऊ लागला. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या सुमारे १६५० विद्यार्थ्यांना खिशात मावणारी आयपॉड यंत्रे वाटली, अशा हेतूने की व्याख्यान चालताबोलता ऐकता यावे. २००५ साली यूट्यूब आले. आज एखाद्या तालुक्याच्या गावातील मुलगा चेन्नईच्या अध्यापकाचे व्याख्यान फोनवर ऐकतो, न कळलेला भाग पाच वेळा मागे नेऊन पुन्हा ऐकतो, आणि अध्यापक त्याच्यावर डोळे वटारीत नाहीत. आमच्या संघटनेतील एक शिवणकाम करणाऱ्या बाई मशीन चालविता चालविता कानात इतिहासाची व्याख्याने ऐकतात. हवानाचा तो वाचक दीडशेहून अधिक वर्षांनी त्यांच्या कानात येऊन बसला आहे. हे थोर कार्य आहे. आमच्या तरुणपणी हे असते तर आम्ही कोठल्या कोठे गेलो असतो, असे आम्हांस अनेकदा वाटते. तेव्हा आम्ही यंत्राच्या विरुद्ध बोलावयास उभे आहोत असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्व जगाला खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदविली. शेवटपर्यंत पोहोचले सुमारे २३ हजार. तेवढेही पुष्कळ आहेत, यात शंका नाही. पण दाराशी आलेल्या सातांपैकी सहा जण वाटेत गळाले, आणि ते का गळाले हे विचारावयास त्यांच्याजवळ कोणी माणूस नव्हता. तिकडे वर्तमानपत्रांतून मात्र अशी भाषा सुरू झाली की, आता थोडे उत्तम अध्यापक पुरेत, बाकीचे कशाला हवेत!

ह्या भाषेला ठाम उत्तर दिले ते कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने. हार्वर्डचे प्रसिद्ध अध्यापक मायकेल सँडेल यांची न्याय ह्या विषयावरील चित्रित व्याख्याने आपल्या वर्गांत वापरावीत, अशी त्यांना सूचना झाली होती. एप्रिल २०१३ मध्ये विभागाने सँडेल यांनाच जाहीर पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, अशाने दोन प्रकारची विद्यापीठे होतील. श्रीमंतांच्या मुलांना जिवंत अध्यापक मिळेल, आणि उरलेल्यांना त्या अध्यापकाचे चित्र मिळेल. सँडेल यांनीही सभ्यपणे उत्तर देऊन ही चिंता रास्त असल्याचे मान्य केले, आणि आपल्या व्याख्यानांचा वापर इतर अध्यापकांच्या मुळावर येऊ नये असे सांगितले. न्यायावरील व्याख्यानातूनच न्यायाचा प्रश्न उभा राहावा, हा योग मोठा बोलका आहे.

२०१८ साली इंग्लंडातील विद्यापीठीय अध्यापकांनी निवृत्तिवेतनासाठी चौदा दिवसांचा संप केला. तेव्हा प्रश्न आला : संपाच्या दिवशी वर्गात गेल्या वर्षीचे मुद्रित व्याख्यान दाखविता येईल काय? म्हणजे ज्याने संप केला त्याच्याच तोंडून त्याचा संप फोडता येईल काय? गिरणगावात बदली कामगार आणून संप फोडल्याच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या होत्या. पण माणसाला त्याचाच बदली कामगार करण्याची युक्ती त्या काळच्या मालकांना सुचली नव्हती. आणि २०२१ च्या आरंभी कॅनडातील कॉन्कॉर्डिया विद्यापीठात तर एका विद्यार्थ्याने व्याख्याने आवडली म्हणून अध्यापकांना पत्र लिहावे म्हटले, तो त्यांच्या मृत्यूची वार्ता त्याच्या हाती आली. कलेतिहासाचे ते अध्यापक, फ्रांस्वा-मार्क गान्यों, २०१९ मध्येच वारले होते. अभ्यासक्रम चालविणारी व उत्तरे तपासणारी माणसे दुसरी होती. व्याख्याने तेवढी त्यांची चालू होती. मेलेल्या ग्रंथकाराचा ग्रंथ आपण वाचतो, त्यात गैर काही नाही. पण आपण ज्याच्याकडे शिकतो तो हयात आहे की नाही हे विद्यार्थ्याला ठाऊक नसावे, यात मात्र काहीतरी बिघडले आहे खास.

आता घरची गोष्ट. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणारा मोठा अध्यापकवर्ग आहे. जितके तास घेतले तितक्यांचे मानधन. सुट्टीचे नाही, परीक्षेच्या काळाचे नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे महाविद्यालये बंद झाली, तेव्हा ह्या अध्यापकांनी स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खर्चाने पाठ मुद्रित करून दिले. संकटाचा काळ होता. कोणी हिशेब मांडला नाही, आणि मांडू नये हेच त्या वेळी शोभणारे होते.

पण साथ सरली, आणि एके दिवशी एक तरुण अध्यापिका आमच्या कचेरीत आली. तिच्या महाविद्यालयाचे नाव आम्ही सांगत नाही. तिने स्वयंपाकघरात, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात, अर्थशास्त्राचे चाळीसएक पाठ मुद्रित केले होते. पुढील वर्षी तिचे आठवड्याचे नऊ तास होते ते पाच झाले. उरलेल्या तासांना वर्गात पडदा लावून तिचेच पाठ दाखविण्यात येत होते. ती म्हणाली, "काका, मी कामावर आहे आणि मीच कामावरून गेले आहे. कोणाविरुद्ध तक्रार करू?" संघटनेच्या कामात अनेक गाऱ्हाणी ऐकली, पण ह्या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही कायद्याचे पुस्तक उघडले.

आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात प्रयोगकर्ता कोणास म्हणावे याची एक यादी आहे. तीत नट आहे, गायक आहे, वादक व नर्तक आहेत, जादूगार आहे, गारुडी आहे, आणि त्यांच्याच पंक्तीला व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. गारुड्याशेजारी बसविले म्हणून व्याख्यात्यांनी रागावू नये. त्या पंक्तीत बसल्यामुळेच त्याला हक्क मिळतो. प्रयोगकर्त्याच्या प्रयोगाचे मुद्रण करण्याचा व ते लोकांपर्यंत पोहोचविण्याचा अधिकार मूलतः त्याचा, असे कायदा म्हणतो. पण त्याच कायद्यात खऱ्याखुऱ्या अध्यापनासाठी केलेल्या मुद्रणास सूट आहे, आणि संस्था त्या सुटीकडे बोट दाखविते. शिवाय नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कृतीचा पहिला धनी, उलट करार नसेल तर, मालकच असतो. 'उलट करार नसेल तर' ह्या चार शब्दांत आमच्यासारख्यांचे सारे काम सामावलेले आहे. करार नाही, म्हणून हक्क नाही. आणि करार कोणी केला नाही, कारण करार करावयाचा असतो हेच कोणी सांगितले नव्हते.

प्रश्न एका महाविद्यालयाचा नाही. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या २०१६ च्या नियमांनी 'स्वयम्' ह्या सरकारी व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. २०२१ च्या नियमांनी ती ४० टक्क्यांपर्यंत नेली. आडगावच्या ज्या महाविद्यालयात एखादा विषय शिकविणारेच कोणी नाही, तेथील विद्यार्थ्यास हे वरदान आहे. पण जेथे शिकविणारा आहे, आणि तो तासावर मानधन घेणारा आहे, तेथे हाच आकडा त्याच्या घरच्या डाळतांदळाशी येऊन भिडतो. एकाच नियमाची ही दोन फळे आहेत, आणि दोन्ही खरी आहेत.

मग करावे काय? इतिहासाने आपणांस जे शिकविले त्यातूनच चार गोष्टी निघतात. मुद्रणापूर्वी लेखी संमती घ्यावी आणि मुद्रित पाठ किती वर्षे, कोणत्या वर्गांसाठी वापरावयाचा हे तीत नमूद करावे. मुद्रित पाठावर अध्यापकाचे नाव व मुद्रणाची तारीख असावी, म्हणजे शिळे ताजे म्हणून खपणार नाही. मुद्रित पाठ दाखवून कोणाच्या तासिका कापू नयेत, आणि संपाच्या दिवशी तो लावू नये. चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जेथे मुद्रित व्याख्यान तेथे त्यानंतर जिवंत अध्यापकासह चर्चेचा तास असावा, आणि यंत्रामुळे जो पैसा वाचतो त्यातूनच त्या तासाचे मानधन द्यावे. पेट्रिलोच्या वादकांनी निधी मिळविला, पुण्याच्या रेडिओ प्रयोगाने बैठकीचे मोल सिद्ध केले. दोन्ही एकत्र केली म्हणजे हीच योजना होते. तीत विद्यार्थ्याचे हित आणि अध्यापकाचे हित परस्परांच्या आड येत नाही.

त्या अध्यापिकेच्या महाविद्यालयाशी आम्ही तीन बैठका केल्या. तिच्या पाठांवर तिचे नाव व तारीख आली, आणि यापुढे लेखी संमतीवाचून मुद्रण होणार नाही असे संस्थेने पत्र दिले. कापलेल्या चार तासिकांपैकी दोन परत मिळाल्या, त्याही चर्चेच्या तासिका म्हणून. उरलेल्या दोनांसाठी भांडण चालू आहे. हा विजय मोठा नाही, हे आम्ही जाणतो. परंतु गेल्या महिन्यात ती सांगत होती की, त्या चर्चेच्या तासाला मुले आधी पाठ पाहून येतात आणि तिला असे प्रश्न विचारतात की, घरी जाऊन तिला पुन्हा पुस्तक उघडावे लागते. रॉचडेलच्या विणकरांनी टॉनींना असेच छळले असेल.

आमच्या ह्या भाषणाचेही मुद्रण झाले आहे. ते कोणी घरी एकट्याने ऐकेल, कोणी बसमध्ये ऐकेल. त्यात आम्हांस आनंदच आहे. चिटणीसांना आम्ही एवढीच अट घातली की, भाषण संपताच यंत्र बंद करावे आणि सभागृहाचे दिवे आणखी अर्धा तास चालू ठेवावे. त्यांनी ती मान्य केली आहे. तेव्हा आता आपण विचारावे, आणि आम्ही आम्हांस येतील तेवढी उत्तरे द्यावीत.